तिजोरीची काळजी

राज्याच्या तिजोरीची काळजी खुद्द सरकारला असो नसो, परभणीतल्या आमच्या घरमालक काकांना मात्र ती जेवण गोड लागू देत नाही. सगळी नोकरी कोषागारात गेली. निवृत्त झाले, पण जीव तिथंच राहिला. सवलत म्हटलं की यांच्या कपाळाला आठी. "एकाला सोडलेला कर दुसऱ्याच्या मानगुटीवर बसतो," हे वाक्य मी वरच्या मजल्यावर भाड्यानं आल्यापासून इतक्यांदा ऐकलंय, की झोपेतही म्हणेन. एसटीत ज्येष्ठांची सवलत नाकारून ते पूर्ण तिकीट मागतात. सेलूच्या गाडीत कंडक्टर वैतागला, "काका, आधार दाखवा अन् गप बसा ना." काका उतरून मागच्या गाडीनं गेले. तिथला कंडक्टरही तसाच निघाला म्हणे.

काकूंचं मागणं एकच: घर आपल्या नावावर व्हावं. बांधकाम चालू असताना भिंतींवर पाणी त्यांनीच मारलेलं. काकांचा नकार नव्हता हो, पण बायकोला घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क जवळजवळ माफ, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. ही माफी काढायचा प्रस्ताव असल्याचं कुठंतरी छापून आलं, तेव्हा काका खुशीत म्हणाले, "निघू दे. पूर्ण भरून देतो. तुला काय सवलतीतलं घर देऊ?" लोक सवलत संपायच्या आत पळतात, आमचे काका ती संपायची वाट बघत बसले. प्रस्ताव काही हलेना. "सरकार सवलत काढंना अन् हे घर देईनात," भाकरी थापताना काकू हसून सांगायच्या. मला मात्र काकांचा राग यायचा.

मग एकदा काकांच्या छातीत दुखलं. दवाखान्यातून आले ते चहाही न घेता मला म्हणाले, "उद्या ऑटो सांग. रजिस्ट्रीला जायचंय."

"सवलत अजून हाय की, काका."

"असू दे. तिजोरीत दम हाय. माझ्यातच न्हाई राहिला."

साक्षीदार म्हणून मीच सही केली. परत आल्यावर काका चपला काढून पाहुण्यासारखे दारातच थांबले. "मालकीणबाई, आत येऊ का?"

काकूंनी डोळ्याला पदर लावला. "या. पण कपबश्या विसळाव्या लागतील. सवलत न्हाई."

परवा भाडं द्यायला खाली गेलो, तर काका खरंच मोरीत बसून कप विसळत होते, मधूनमधून दम खात. मी घ्यायला हात पुढं केला.

"राहू दे रे," ते हळूच म्हणाले. "हिची लय थकबाकी हाय माझ्याकडं."