सेक्रेटरीची माकडं

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत माकडांना खायला घालू नये, अशी नोटीस लागली. नोटिशीवर सही माझी होती. माकडंही माझीच होती.

ही कबुली मी सर्वसाधारण सभेत एकदा देऊन बसलो आहे, पण ती मी दिली नव्हती, माझ्याकडून निघाली होती. त्यामुळे मनावरचं ओझं काही उतरलं नाही. आता स्वखुशीने देतो.

ऐरोलीत आमची बारा रो-हाउसची छोटी सोसायटी आहे. प्रत्येकाच्या मागे सतरंजीएवढं अंगण. आमच्या अंगणात एक पेरूचं झाड आहे. माझी मुलगी मुक्ता नोकरीसाठी बंगळुरूला गेली, त्याच्या आदल्या दिवशी तिने त्या झाडाला एक लाकडी बर्ड फीडर टांगला, त्यात बाजरी भरली आणि मला म्हणाली, "बाबा, रोज सकाळी एका पक्ष्याचा फोटो पाठवायचा. विसरायचं नाही."

इथे थोडं आमच्याबद्दल सांगायला हवं. मुक्ता आणि तिची आई फोनवर तासभर बोलू शकतात. मुक्ता आणि मी "जेवलीस का?", "हो", "बाकी काय?", "काही नाही, आईला देतोस?" एवढंच बोलतो. चूक माझीच आहे. ती लहान असताना मी ऑफिसातून आलो की ती बोलायची आणि मी हं हं करायचो. आता मला बोलायचं होतं आणि हं हं करायची पाळी तिची होती.

पण फोटोंनी जादू केली. सकाळी सातला मी चिमणीचा फोटो पाठवायचो, दोन मिनिटांत तिचं उत्तर यायचं. "किती गोड!" किंवा "ही कालचीच का?" किंवा नुसता लाल बदाम. (माझ्या मुलीने मला बदाम पाठवला, ही गोष्ट मी ऑफिसात निदान सहा जणांना सांगितली. त्यांतल्या दोघांना दोनदा.) दिवसभरात माझ्या वाट्याला येणारी मुक्ता एवढीच होती, आणि ती मला पुरत होती.

मग माकडं आली.

पारसिकच्या डोंगरातून ती अधूनमधून खाली उतरतात. रबाळ्याचे कारखाने ओलांडून, हमरस्ता पार करून एवढ्या लांब ती का येत असतील, असा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. पहिल्या दिवशी एकच आला. चांगला दांडगा नर. त्याने फीडर दोन्ही हातांनी उलटा केला, बाजरी तोंडात ओतली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी मीठ द्यायला विसरलो होतो. माझ्या बायकोने, सुनंदाने, त्याचं नाव मुकादम ठेवलं.

मुकादम रोज येऊ लागला, तसे पक्षी येईनासे झाले. तीन दिवस मी फोटो पाठवला नाही. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी मी रिकाम्या फीडरचा फोटो पाठवला, त्यावर "ओके" आलं. ते ओके मी दिवसभर उघडून पाहत होतो.

"काढून टाका तो फीडर," सुनंदा म्हणाली. "फोन आहे ना घरात? फोन करा तिला."

बायकांना हे सोपं वाटतं.

मी दुसरा विचार केला. एखाद्या आडमुठ्या माणसाला वाटेतून हटवायचं असेल, तर ऑफिसात आपण त्याला वेगळी केबिन देतो. मुकादमाला त्याचं वेगळं ताट वाढलं, तर तो फीडरला कशाला हात लावेल? दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी झब्ब्याच्या खिशात भुईमुगाच्या शेंगा भरल्या आणि अंगणाच्या पार टोकाला, कुंपणाच्या भिंतीवर मांडून ठेवल्या. मुकादम आला, भिंतीवर बसला, शेंगा सोलून खाऊ लागला. इकडे फीडरवर बुलबुल उतरला. मी फोटो काढला. दोन मिनिटांत बदाम आला.

आयुष्यात एवढी यशस्वी योजना मी दुसरी आखलेली नाही. ती बरोबर पाच दिवस टिकली.

सहाव्या दिवशी मुकादम बिऱ्हाड घेऊन आला. बायका, लेकरं, दूरचे नातलग, मोजले तेव्हा चौदा भरले. मी शेंगा वाढवल्या. (दुसरा इलाज होता का? होता. पण त्यात फोटो नव्हता.) आमच्याकडे न्याहारी आटोपली की मंडळी सोसायटी बघायला निघत. सात नंबरच्या टाकीचं झाकण गेलं. समोरच्या सबनीसांची मोगऱ्याची कुंडी तिसऱ्याच कुणाच्या दारात सापडली. आणि म्हात्रेकाकूंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या चार घरांच्या पत्र्यांवर पसरल्या.

म्हात्रेकाकू आमच्या शेजारच्या. वय सत्तरच्या पुढे. आम्ही सगळे मुंबईतून इथे राहायला आलो, त्या मूळच्या इथल्याच. त्यांच्या लहानपणी इथे खाडीचं खाजण होतं. उन्हाळा लागला की त्यांच्या गच्चीवर वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या, पापड आणि सुके बोंबील एका ओळीत वाळत पडतात. त्या बोंबलांचा वास सबनीसांना कधीच मानवला नव्हता. त्यांनी संधी साधली. माकडं वाळवणापायी येतात, असं त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. माकडं बोंबील खात नाहीत आणि मिरच्या चाखून ती सगळी थुंकत सुटली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी खाली नऊ अंगठे पडले.

दहावा माझा होता.

मी सेक्रेटरी. नोटीस मलाच लिहायची होती. "गच्चीवर वाळवण घालण्यास सक्त मनाई," असं मी स्वतःच्या हाताने टाइप केलं, आणि आपण अगदीच वाईट दिसू नये म्हणून खाली "तसेच माकडांना खायला घालू नये" हेही जोडलं. काकूंनी नोटीस वाचली, मिरच्या गोळा केल्या आणि घरात पंख्याखाली पसरल्या. दुसऱ्या दिवशी सुनंदाला ताप होता, तर त्यांनी आमच्याकडे तांदळाच्या भाकऱ्या आणि वांग्याचं कालवण पाठवलं. मी ते जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

रात्रीपर्यंत ठरवलं, शेंगा बंद. सकाळी सहाला खिसा भरला.

पंख्याखाली मिरच्या वाळत नाहीत. आठ दिवसांनी काकूंनी त्या पुन्हा गच्चीवर घातल्या. वर्षाचा मसाला म्हणजे त्यांच्या घरचा, लेकीकडचा आणि दोन्ही सुनांच्या माहेरचा, तो नोटिशीसाठी थांबणार नव्हता. सबनीसांनी लगेच सभा बोलवायला लावली. रविवारी सकाळी दहाला, गेटजवळच्या मोकळ्या जागेत, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. काकूंना लेखी समज द्यायची आणि ती सेक्रेटरीने वाचून दाखवायची, असं ठरलं.

मी सकाळच्याच झब्ब्यात उठलो. काकू अगदी समोर बसल्या होत्या, पदर घट्ट आवळून. मी वाचायला सुरुवात केली. "सोसायटीच्या निदर्शनास आले आहे की, काही सभासदांच्या बेजबाबदार वर्तनामुळे..."

भिंतीवरून मुकादम उतरला.

खुर्च्या मागे सरकल्या. सबनीसांनी पाय वर घेतले. मुकादमाने कुणाकडे पाहिलंही नाही. लोकांमधून वाट काढत तो सरळ माझ्यापाशी आला, माझ्या झब्ब्याचं टोक एका हाताने धरलं आणि दुसरा हात माझ्या उजव्या खिशात घातला. चाचपडला नाही. शोधाशोध केली नाही. आपल्याच घरातल्या डब्यात हात घालावा तसा घातला. शेंग काढली, सोलली, टरफल माझ्या पायावर टाकलं आणि पुढची काढली.

मी वाचत राहिलो. का, ते विचारू नका. "...बेजबाबदार वर्तनामुळे माकडांना..." इथपर्यंत आवाज पुरला, मग संपला.

फक्त शेंगा फुटल्याचा आवाज.

"वाच ना रं सतीश," काकू म्हणाल्या. "थांबलास कशाला?"

मग मी सगळं सांगितलं. फीडर, बाजरी, शेंगा, भिंत, फोटो. बदामाचंही सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती. सबनीस तोंड उघडून ऐकत होते. मुकादम खिसा रिकामा झाल्याची खात्री करून निघून गेला. मी काकूंसमोर जाऊन हात जोडले.

"मना म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "मी रोज गच्चीवरून बगतंय. पयले माकडांना शेंगा वारतोस, मंग पोरीला फोटू धारतोस."

"मग काकू, तुम्ही आधीच का नाही सांगितलं?"

"तुजा तोंड बगून. फोटू धारून झाला का पायरीवर बसून फोनकडं बगत रातोस." त्या उठल्या. "माजी पोर पन लांब दिलीय. पन मी काय माकडां नाय पालली."

समज देण्याचा ठराव बारगळला. वाळवणाची मनाई उठली. मी स्वतःला शिक्षा म्हणून काकूंच्या गच्चीवर काठी घेऊन सुट्टीच्या दिवशी मिरच्यांची राखण करायचं ठरवलं. पहिल्या दिवशी चौऱ्याऐंशी शिंका दिल्या. माकडं आली, ती त्या आवाजानेच परत फिरली, असं काकू सांगतात. पुढे माकडांचं येणं कमी कमी होत बंद झालं.

फीडर मी त्याच रविवारी काढला. पेरू एकदम भुंडा दिसायला लागला. सोमवारी सात वाजले, सव्वासात वाजले, आणि माझ्याकडे मुलीला पाठवायला काहीच नव्हतं. शेवटी धीर करून फोन लावला.

तिने पहिल्या रिंगला उचलला. "बाबा? बरा आहेस ना? आज फोटो नाही आला."

मी तिला माकडांपासून सगळं सांगितलं आणि म्हणालो, "आता पक्ष्यांचे फोटो बंद गं. सॉरी."

पलीकडे ती खूप हसली.

"बाबा, मला बुलबुल आणि साळुंकीतला फरक अजून कळत नाही," ती म्हणाली. "फोटो आला की मला कळायचं, तू उठलास, अंगणात गेलास, ठीक आहेस. मग मी अंघोळीला जायचे."

मी हं म्हणालो. तीही हं म्हणाली. पण ते दोन्ही हं आधीच्यासारखे नव्हते.

तेव्हापासून मी रोज सकाळी सातला तिला फोन करू लागलो. मनात इतकं साठलं होतं, की थांबताच येईना. काकूंचा मसाला, सबनीसांचा मोगरा, पाण्याचं प्रेशर, माझी शुगर, सगळं तपशीलवार. त्यापायी तिची ऑफिसची बस चुकते, हे मला माहीत नव्हतं.

नवव्या दिवशी तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि फार मायेने म्हणाली, "बाबा, त्या मुकादमाशी काही बोलणी होतात का बघ ना. फोटोच बरा होता."