हौसामावशीचा अंगठा

हौसामावशीवर अन्याय झाला तो गेल्या अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या सोमवारी, सकाळी साडेदहाला, कुसगावजवळच्या एका रेशन दुकानात. यंत्राने तिचा अंगठा पाच वेळा नाकारला. दुकानदार म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू." रांगेत मी तिच्या मागेच होते.

अंगठा उमटणार कसा? लोणावळ्याच्या हॉटेलांतल्या चादरी वर्षानुवर्षं ब्लीचच्या पाण्यात चोळून बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. ती हसून म्हणाली, "लोकांचं डाग काढता काढता मीच पुसून गेले बग!"

त्याच्या काही महिने आधीच बाजार बसला, पर्यटक आटले, हॉटेलांना कुलपं लागली. दिवस कलला की आळीत भीती पसरायची, आज कुणाकडे चूल पेटणार नाही? म्हणून मावशीने अंगणात सगळ्यांची एकच चूल मांडली. शेजारी पातेलं, त्यावर पंचा. प्रत्येकाने मूठ पंच्याखाली न्यायची आणि उघडायची. कुणी किती तांदूळ टाकले, मूठ रिकामीच होती का, बघायचं नाही.

"मावशी, फुकटे कसे ओळखायचे?" मी एकदा विचारलं. मी तेव्हा कामगार संघटनेची पत्रकं वाटायचे.

"तू आपली पत्रकं वाट, बाय. हितं बगाया लागलीस तर उद्या चार घरं यायचीच न्हाईत. उपाशी बसतील, पन यायची न्हाईत."

त्या सोमवारनंतरही पंच्याखाली पहिली मूठ तिचीच जायची. पातेलं मात्र हलकं होत चाललं. भाताची पेज झाली.

"मावशी, पेजेत तोंड दिसतंय की!" शेजारचे दामूभाऊ म्हणाले.

"मग दाढी करून घे, दाम्या!"

सगळे हसले. घाबरलेली माणसं जरा जास्तच मोठ्याने हसतात. तिला जेवायला बस म्हटलं, की म्हणायची, "चाखता चाखताच लय झालं."

त्या सोमवारपासून सोळाव्या दिवशी ती चुलीपाशी कोसळली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "या शेवटच्या कधी जेवल्या?" तिला जेवताना पाहिल्याचं आमच्यापैकी कुणालाच आठवेना. दुसऱ्या दिवशी ती वारली. तिच्या घरातले सगळे डबे घासून पालथे घातलेले होते. इतके दिवस तिची मूठ रिकामी होती.

मुठीकडे न बघण्याचा नियम तिचा होता. रांगेत गप्प बसणं आमचं होतं. त्या सोमवारी ती बाजूला झाली आणि मी पुढे होऊन अंगठा टेकवला. यंत्राने मला ओळखलं. पिशवी भरून मी घरी आले.

तुमच्याही रांगेत कुणाचा तरी अंगठा नाकारला जाईल, कदाचित याच महिन्यात. त्या माणसाला धान्य मिळेपर्यंत तुमचा अंगठा पुढे करू नका. मागच्यालाही करू देऊ नका.