पुढचा भाग आलाच नाही

मुलीला मागणी कशी घालायची हे मी टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेवरून शिकायला घेतलं, आणि मालिकाच बंद पडली.

परवा दिल्लीतल्या द्वारकेत एका लग्नात कॉफीचं यंत्र फुसफुसलं, फेसावर भुरभुरलेल्या कोकोचा वास आला आणि मी थेट करोल बागेतल्या कॉफीच्या दुकानातल्या आमच्या जुन्या टेबलाशी पोचलो. तेव्हा आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टर्समध्ये नवीनच केबल आली होती. मालिकेतला नायक दर बुधवारी मैत्रिणीला कॉफी पाजायचा. मी गुरुवारी शेजारच्या मेधाला. त्याचे संवादही मराठीत करून ऐकवायचो. एका बुधवारी त्याने तिचा हात धरला, "तुला एक विचारायचंय," म्हणाला आणि भाग संपला. मीही दुसऱ्या दिवशी तेवढंच केलं.

"मग विचार की!" मेधा म्हणाली.

"पुढच्या गुरुवारी."

पुढच्या बुधवारी त्या वेळेला पडद्यावर कुकर विकत होते. गुरुवारी मी नुसती कॉफी ढवळत बसलो. आता हसू येतं, पण तेव्हा वाटलं, मेधा हातची गेली.

ती खो खो हसत म्हणाली, "अरे, केबल आमच्याकडेही आहे, यार! आईला कालच सांगून टाकलंय, मुलगा जरा मंद आहे, पण लग्न करीन तर याच्याशीच."