पंधराशेच्या वर एक पैसा नाही

"कंपनीने करार मोडला," असं म्हणत बोरकरांनी माझ्या टेबलावर फाइल आपटली. फाइलमध्ये एकाच सोसायटीतल्या अठरा घरांची बिलं आणि अठरा नोटिसा होत्या. सोमवारपर्यंत पैसे भरले नाहीत, तर लाइन कापणार. महिना मे. नागपुरात मेमध्ये लाइन कापणे म्हणजे काय, ते इथल्या वाचकांना सांगायला नको.

मी वीज कंपनीच्या ग्राहक विभागात आहे. तक्रार आली की आधी यादी करते. दर बदलला का? नाही. रीडिंग चुकलं का? फोटो पाहिले, बरोबर होतं. पैसे का गेले नाहीत? बँकेने नाकारले. अठराही घरांचे.

"ऑटो-डेबिट तर जानेवारीतच केलं ना?" मी विचारलं.

"मीच केलं सगळ्यायचं. माझ्या हातानं फॉर्म भरले. दर पक्का, मर्यादा पंधराशे. मग बिल अडतीसशे काहून?"

ऑटो-डेबिटच्या फॉर्मवर 'जास्तीत जास्त रक्कम' असा रकाना असतो. बिल त्याच्या आत असेल तर बँक आपोआप भरते. वर गेलं तर बँक थोडेसुद्धा भरत नाही, सरळ परत पाठवते. बोरकर सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी जानेवारीची बिलं पाहिली, ती आठशे-नऊशेची होती. थोडा वाव ठेवून सगळ्यांच्या रकान्यात पंधराशे लिहिलं. मग तिळगूळ वाटताना जाहीर केलं, "आता पंधराशेच्या वर एक पैसा जाणार नाही."

तसंच झालं. पंधराशेसुद्धा गेले नाहीत.

मी आमच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, अठरा तक्रारी वर गेल्या तर मला उत्तर द्यावं लागेल."

"मी जाऊन येते."

"एकट्या?"

"यादी आहे सोबत."

शनिवारी दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोचले. मीटरच्या खोक्यासमोर सगळे जमले होते. पहिल्या मजल्यावरच्या धोटे काकू पुढे होत्या. त्या बोरकरांकडे पाहून म्हणाल्या, "काहून गा भाऊ, तूच म्हणाला होता ना, कितीबी चालवा?"

"मी कितीबी नाही म्हणालो!"

"मंग मी दोन-दोन कुलर कोणाच्या भरोशावर लावले?"

इथे माझ्या लक्षात आलं. मर्यादा म्हणजे बिलाची मर्यादा, त्यापुढची वीज फुकट, असं सगळी इमारत धरून चालली होती. मी प्रत्येक घराला विचारून कागदावर लिहीत गेले. एका घरात कोणी नसतानाही कुलर चालू, कारण परत आल्यावर खोली थंड पाहिजे. एका घरात पोपटासाठी वेगळा कुलर. दोन घरांनी एसी घेतले होते. हप्त्याने.

"पण मॅडम, दर तर तोच हाय ना?" बोरकरांनी पुन्हा विचारलं.

"दर एका युनिटचा असतो. युनिट तिप्पट जाळले तर बिल तिप्पट होणारच. उलट जास्तच, कारण पहिले शंभर युनिट स्वस्त, पुढचे महाग."

कोणाचा विश्वास बसला नाही. म्हणून मी धोटे काकूंच्या मीटरवरचा लाल दिवा दाखवला. तो जितका भराभर लुकलुकतो, तितकी वीज जाते. तो सारखा लुकलुकत होता.

"काकू, दोन्ही कुलर बंद करायला सांगा."

काकूंनी खिडकीकडे पाहून हाक दिली, "बंद कर वं!"

दिवा एकदम सुस्तावला. दोन लुकलुकण्यांमध्ये बोरकरांचा चष्मा पुसून झाला. सगळे मान वाकवून पाहू लागले. पाचव्या मिनिटाला वरून काकूंच्या सुनेचा आवाज आला, "आई, तुमचं झालं का? मी भाजून राहिली इथं!"

पुढचा वाद आपोआप संपला. त्या दुपारी चौदा जणांनी उभ्या उभ्या मोबाइलवरून बिल भरलं. उरलेले चार सोमवारी सकाळी काउंटरवर आले. एकाचीही लाइन कापली गेली नाही.

नवे फॉर्म भरताना बोरकरांचा पेन त्या रकान्यात अडकला.

"किती लिहू?"

"सहा हजार."

"सहा हजार! म्हंजे तुम्ही सहा हजार कापणार?"

"जेवढं बिल, तेवढंच जाईल."

"मी अगोदरबी असंच काहीतरी सांगितलं होतं लोकायले," ते हळूच म्हणाले.

सेक्रेटरी बदलावा, असा विषय आदल्या रविवारीच सभेत निघाला होता. पण अठरा फॉर्म पुन्हा कोण भरणार, असं धोटे काकूंनी विचारल्यावर सगळे चपला शोधू लागले. बोरकर बिनविरोध राहिले.

तेव्हापासून जानेवारीत कोणी ऑटो-डेबिटचा फॉर्म आणला, की मी गेल्या मेचं बिल मागते. ते आणेपर्यंत तो रकाना कोरा ठेवते.