जागेवर उभं राहून या

मी आज जो काही आहे तो पेंटरकाकांमुळे आहे, आणि पेंटरकाका आज जे काही नाहीत ते निव्वळ स्वतःमुळे. चित्र काढणारे पुष्कळ असतात, विकणारेही असतात. पण दारात आलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजून, चित्र दाखवून, त्याला ते आवडल्याची खात्री करून घेऊन मग रिकाम्या हाताने परत पाठवण्याची कला साऱ्या पनवेलमध्ये त्यांनाच साधली होती. त्यांचा नियम एकच. निसर्गचित्र विकत हवं असेल तर आधी ते जिथे बसून काढलं त्या जागेवर जाऊन उभं राहायचं. पाच मिनिटं पुरे. मग परत यायचं आणि काय दिसलं ते सांगायचं. "वांगी घेताना उलटीपालटी करून बघता ना?" ते विचारत. "मग डोंगर घेताना नको बघायला?" यावर काकू आतून म्हणत, "यांना गिऱ्हाईक नकोच आहे. सहलीला माणसं हवी आहेत."

पोटासाठी ते दुकानांच्या पाट्या रंगवत, म्हणून गावात त्यांचं नाव पेंटर पडलं. एकदा त्यांच्या कर्नाळ्याच्या मोठ्या चित्रासमोर एक टेम्पोवाला बराच वेळ उभा राहिला. काकांचा चेहरा खुलला. मग त्या गृहस्थाने काखेतली नंबरप्लेट काढली आणि म्हणाला, "हात साफ आहे तुमचा. हे आकडे काढून द्या." काकांनी ते आकडे इतके मन लावून काढले की टेम्पोवाला पुढची दहा वर्षं त्यांच्याकडेच येत राहिला. गणपतीत मंडळाने मखरामागे हिमालय मागितला, तर म्हणाले, "मी हिमालय पाहिलेला नाही." त्या वर्षी बाप्पा कर्नाळ्याच्या सुळक्यासमोर बसले. कार्यकर्ते चिडले, पण म्हाताऱ्या माणसांनी पहिल्यांदाच आरती संपल्यावरही मखराकडे बघत बोटं दाखवून गप्पा मारल्या.

त्यांची कामाची रीतही तशीच. एका जागी तीन सकाळी, त्याच वेळी, त्याच तिपाईवर. डोक्यावर काळी छत्री, पायाशी पाण्याचा डबा. समोर नाही ते चित्रात येणार नाही. एकदा पहिल्या दिवशी बांधावर म्हैस होती, दुसऱ्या दिवशी आली नाही. काका चौकशीला थेट मालकाच्या घरी. तो म्हणाला, "म्हशीला बरा नाय आज. तुमी उद्या काडा." काका तिच्यासाठी चार दिवस थांबले, आणि रोज तिची तब्येत विचारून आले.

असेच एका चैत्रात ते आमच्या मिठागरावर आले. माझे वडील लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढत होते. समोर छत्री उघडलेली बघून ते थबकले. "मना कशाला काडताव?" त्यांनी विचारलं. "मी काय देव हाय?" काका म्हणाले, "देव हलत नाही. तुम्ही हलता, म्हणून जास्त कठीण आहात." तीन सकाळी दोघं असे एकमेकांसमोर काम करत राहिले. तिसऱ्या दिवशी बाबांनी घरची सुकटीची चटणी आणि भाकरी पुढे केली, आणि त्या भाकरीवर माझा विषय निघाला. मी बारावीला होतो. घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. "पोऱ्या पास झाला तं शिकवीन," बाबा म्हणाले.

मी पास झालो. पण कॉलेजच्या फॉर्मला शेवटची तारीख असते हे आमच्या घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. आम्ही बापलेक गेलो तेव्हा खिडकी बंद झाली होती. बाबा तिथून सरळ पेंटरकाकांकडे गेले, कारण शहरात ओळखीचं दुसरं दार नव्हतं. काकांनी विनवण्या केल्या नाहीत, की कोणाची चिठ्ठी आणली नाही. जुलैतल्या उघडिपीत ते रोज दहा वाजता तिपाई घेऊन कॉलेजच्या आवारात, ऑफिसच्या खिडकीसमोर बसू लागले आणि इमारतीचं चित्र काढू लागले. आम्ही दोघं खिडकीशी उभे. तिसऱ्या दिवशी प्राचार्य स्वतः बाहेर आले. चित्र त्यांना फारच आवडलं. म्हणाले, "हे आपल्या केबिनमध्ये लावू. काय घ्याल?" काका उठले, तिपाईकडे हात करून म्हणाले, "आधी इथे बसून बघा." प्राचार्य बसले. तिथून त्यांना त्यांची इमारत दिसली, बंद खिडकी दिसली, आणि खिडकीशी टोपी हातात धरून उभे असलेले माझे वडील दिसले. बराच वेळ बसून ते उठले आणि मला म्हणाले, "मार्कशीट आणली आहेस का?" चित्र अजून त्या केबिनमध्ये आहे. माझी बी.कॉम.ची पदवी खरं तर त्या तिपाईची आहे.

पुढे दिवस वाईट आले. फ्लेक्सची छपाई सुरू झाली आणि पाट्यांचं काम एका वर्षात संपलं. नव्या पनवेलच्या बिल्डिंगांत भिंती वाढल्या, पण लोक सोफ्याच्या रंगाला शोभेल असं छापील चित्र दुकानातून घेऊ लागले. अशात विचुंब्याच्या भातशेतीचं चित्र मागायला एक डॉक्टर आले. काकांनी रीतसर पत्ता दिला: नदीच्या वळणापासून दोनशे पावलं पूर्वेला. तासाभराने डॉक्टर गोंधळून परत. "अहो काका, ते तर आमच्या सोसायटीचं पार्किंग आहे. तिथे माझी गाडी उभी असते!" काका म्हणाले, "गाडी रोज उभी राहते ना? मग तुम्ही पाच मिनिटं राहा." डॉक्टर बिचारे दोन गाड्यांच्या मध्ये उभे राहिले. वॉचमनने येऊन विचारलं, "साहेब, काही हरवलंय का?" डॉक्टरांनी ते चित्र नेलं. पण असे डॉक्टर कितीसे निघणार? बाकीचे पत्ता ऐकून हसायचे, आणि तेही हळूहळू यायचे बंद झाले.

आमचं मिठागराचं चित्र मात्र त्यांच्या पुढच्या खोलीत टांगलेलं होतं. वडील गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे त्यांचे फोटो आहेत ते सगळे लग्नातले, नवा शर्ट घालून अवघडलेले. काम करणारे बाबा जगात एकाच ठिकाणी होते, काकांच्या भिंतीवर. नोकरीत कायम झाल्यावर मी धीर करून ते विकत मागितलं. मला वाटलं होतं, निदान मला तरी नियम लागू नसेल. काका म्हणाले, "जाऊन उभा राहून ये."

ऑफिस सुटल्यावर मी गेलो. मिठागर केव्हाच भरावाखाली गेलं होतं. पत्र्याचं कुंपण होतं, आत डंपर फिरत होते, फाटकावरच्या माणसाने आत सोडलं नाही. खरं सांगायचं तर मी फारसा आग्रहही धरला नाही. त्या भरावाकडे बघवेना. परत येऊन सांगितलं, "उभा राहिलो, काका."

"ऊन कुठून येत होतं?"

चित्र मला पाठ होतं. मी म्हणालो, "डावीकडून."

"गेला होतास किती वाजता?"

"साडेपाचला. ऑफिसनंतर."

काकांनी चष्मा काढला. "संध्याकाळी साडेपाचला डावीकडून? सूर्यानं बदली मागून घेतली का रे?" आणि मग हसू आवरून हळूच म्हणाले, "तू माझं चित्र बघून आलास. जागा नाही बघितलीस."

पुन्हा जायची लाज वाटली. वर्ष गेलं. काकांचे गुडघे गेले, तिपाई माळ्यावर गेली, आणि लेकीने त्या दोघांना नाशिकला न्यायचं ठरवलं. सामान भरायला मी गेलो होतो. मिठागराचं चित्र काकूंनी चादरीत बांधलं आणि म्हणाल्या, "देऊन टाका हो त्याला. त्याच्या बापाचं चित्र आहे ते."

"म्हणूनच," काका म्हणाले, आणि गाठोडं मांडीवर घेऊन टेम्पोत पुढे बसले.

आता संध्याकाळी त्यांच्या गल्लीतून गेलो की पावलं आपोआप थांबतात. त्या दाराला आता दुसऱ्याच कोणाचं कुलूप असतं. "आलास? बस. काय दिसलं वाटेत?" असं विचारणारं आता कोणी नाही, आणि वाटेत काय दिसलं हे मलाही धड सांगता येत नाही, हे जास्त लागतं. म्हणून मागच्या आठवड्यात रजा टाकली आणि नंतर हे पत्र पाठवलं.

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

गुरुवारी सकाळी साडेसातला जागेवर जाऊन आलो. फाटकावर आपल्याच गावचा माणूस होता. बाबांचं नाव सांगितल्यावर म्हणाला, "जा, पन लवकर ये." पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटं उभा राहिलो.

ऊन डावीकडून येत होतं, प्रबळगडाच्या बाजूने. भराव दोन पुरुष उंच आहे. म्हणजे तुमची तिपाई आणि बाबांचा बांध, दोन्ही माझ्या पायांखाली खोल होते. मी चपला काढून उभा राहिलो. मीठ कुठेच नाही, लाल मुरूम आहे. एक टिटवी होती. तुमच्या चित्रात समोर मिठाच्या राशी आहेत आणि त्यांच्यामागे नुसतं आभाळ. त्या उंचीवरून मात्र मला कर्नाळ्याचा सुळका दिसला. तुम्ही खाली बसला होतात, राशी आड येत होत्या, म्हणून तो तुम्हाला दिसला नाही. बाबा तर वाकलेलेच असायचे. त्यांनी तो तिथून कधी पाहिला नसेल.

काका, मागच्या वेळी मी खोटं बोललो. या वेळी जे दिसलं तेवढंच लिहिलं आहे. चित्राची घाई नाही. ते न्यायला मी नाशिकला येईन तेव्हा आधी तुमच्या नव्या खिडकीशी उभा राहीन, आणि तुम्हाला रोज काय दिसतं ते बघेन.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
मिठागरावरचा पोऱ्या