हट बेपर्यंत गेलेली जिजी

विसरवाडीच्या चौफुलीवर बस थांबली होती आणि मी खिडकीतून भजी घेत होते, तेव्हा नितीनचा फोन आला. नितीन हा माझ्या मोठ्या जावेचा, जिजीचा मुलगा; घरात सगळेच तिला जिजी म्हणायचे. "काकू, जिजी गई…" एवढंच बोलला. सकाळी अंगणात तूर निवडायला बसली, "जरा टेकस" म्हणून भिंतीला टेकली, ती उठलीच नाही. शहाद्यापर्यंतचा उरलेला रस्ता कसा सरला ते आठवत नाही. भज्यांचा कागद मात्र घरी उतरले तेव्हाही हातात तसाच होता.

तिला जाऊन आता दीड महिना झाला. भेटायला येणारे तिच्या कष्टांबद्दल बोलतात… एवढी शेती, आजारी सासरे, लवकर गेलेला नवरा. खरंच आहे ते. पण मला सांगायचं आहे ते दोन वर्षांपूर्वीच्या दहा दिवसांबद्दल. त्या दिवसांत तिच्यासोबत मी एकटीच होते.

जिजीचा धाकटा भाऊ गुलाब ऐन तरुणपणी एका मुकादमाबरोबर अंदमानला बंदराच्या बांधकामावर गेला आणि तिकडेच राहिला. रांचीकडून तिथे जाऊन वसलेल्या एका आदिवासी कुटुंबातल्या मुलीशी त्याने लग्न केलं. तसं पत्र घरी आलं तेव्हा वडिलांनी ते चुलीत घातलं आणि बजावलं, याचं नाव या घरात कोणी काढायचं नाही. गुलाबने मग दुसरं पत्र जिजीच्या सासरी धाडलं, 'तू तरी लिख' म्हणून. जिजी तेव्हा नवी नवरी. वडिलांची भीती, सासरी काय म्हणतील याची भीती. तिने उत्तर लिहिलं नाही. पुन्हा पत्र आलं नाही. चाळीस वर्षं एकाच चुलीवर आम्ही दोघींनी भाकरी थापल्या, पण हे तिने मलाही कधी सांगितलं नव्हतं.

मग एके दिवशी गुलाबभाऊंच्या मुलीने, सुनीताने, फेसबुकवरून नितीनला शोधून काढलं. वडिलांना लकवा झालाय, उठता येत नाही, सारखं जिजीचं नाव घेतात, असं तिने कळवलं. नितीन म्हणाला, "लगेच व्हिडिओ कॉल लावी देस." जिजीने त्याच्या हातातला मोबाइल काढून खाटेवर ठेवला. "नको. चूक मन्ही शे. ती समोर जाईसन कबूल करनी पडी."

सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, रक्तदाबाची गोळी. डॉक्टरांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. घरातल्या सगळ्यांनी समजावलं. तिने कोणाशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे मळ्यापर्यंत चालत जायची आणि परत यायची. महिनाभराने मला म्हणाली, "तू येस का? नही ते मी एकली जासू." आता तिला एकटीला कोण सोडणार?

नंदुरबारहून रेल्वेने सुरत, तिथून विमान, चेन्नईत बदलून दुसरं विमान. पट्टा बांधून झाल्यावर जिजीने कापणीला निघाल्यासारखा पदर खोचला. खाली निळं पाणी दिसायला लागलं तेव्हा मीच तिचा हात धरला. ती म्हणाली, "याच्यावरथून जानं शे अजून. आत्तेच घाबरू नको."

पोर्ट ब्लेअरला उतरलो आणि तिथेच अडकलो. गुलाबभाऊ राहतात ते हट बे दुसऱ्या बेटावर, तिथून बोटीने सात-आठ तासांवर. समुद्र खवळलेला, बोट रद्द. दुसऱ्या दिवशीही रद्द. तिकीट खिडकीवरचा माणूस हिंदीत म्हणाला, "माताजी, मौसम का भरोसा नहीं, आप घर लौट जाइए." जिजीने तिच्या मोडक्या हिंदीत उत्तर दिलं, "भरोसा तुमको नहीं होगा. हम इधरच बैठते." आणि खरोखर समोरच्या बाकावर मांडी घालून बसली. दुपारी माझा धीर सुटला. मी म्हटलं, "जिजी, चाल वं घर. मन्हा जीव घाबरी ऱ्हायना." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले जानं शे ते जाय. मी पन्नास वरीस उशीर करेल शे. आखो दोन दिन बसस."

तिसऱ्या दिवशी बोट सुटली. बंदर मागे पडलं तशी बोट डुलायला लागली. जिजीला इतक्या उलट्या झाल्या की अंगात पाणी उरलं नसेल. एक खलाशी तिला आत नेऊन निजवायला आला. आत जास्त मळमळतं म्हणून ती नाही म्हणाली. कठड्याचा लोखंडी गज दोन्ही हातांनी धरून, ओठ घट्ट मिटून समोर बघत राहिली. मी जिजी आजारी सासऱ्यांपाशी बसलेली पाहिली होती, दिरांच्या भांडणात उभी राहिलेली पाहिली होती. पण अशी कधीच नाही.

सुपारीच्या झाडांमध्ये पत्र्याचं घर. दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर गुलाबभाऊ, एक हात मांडीवर निपचित. जिजी गुडघ्यांची पर्वा न करता त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "मन्हं चुकनं, भाऊ. तुन्हं पत्र उनं व्हतं. मी जवाब लिखा नही." त्यांचे ओठ बराच वेळ हलले. मग शब्द फुटले, "तू… उनी ना… बस." आलीस, एवढं पुरे. तोंडाच्या कडेने लाळ आली, ती जिजीने पदराने पुसली. मागे त्यांची बायको, फुलमनी, अवघडून उभी होती. केस पांढरे झालेली बाई. जिजीने पिशवीतून लुगडं आणि नारळ काढला, तिला पाटावर बसवलं आणि म्हणाली, "तुन्ही ओटी आज भरस. उशीर व्हयना, पन भरस." फुलमनीला शब्द कळले नसतील. पण पदर तिने बरोबर पुढे केला.

परत आल्यावर दर रविवारी सकाळी नऊ वाजता बहीण-भाऊ फोनवर बोलायचे. जिजी आपल्या खोलीत, खाटेवर, मोठ्या आवाजात. तेराव्यानंतरच्या रविवारी तिचा फोन त्याच वेळी वाजला. मी उचलला. गुलाबभाऊंना सगळं कळलेलं होतं. तेच अडखळत म्हणाले, "मालूम शे माले. तरी बी फोन लाया. तू बोल… कायबी बोल. आठे बेटवर आपली बोली कोनी बोलत नही."

मी जिजीच्या खाटेवर बसले आणि बोलायला लागले. पाऊस, कापूस, नितीनच्या मुलीची शाळा, ओट्यावर भांडणाऱ्या बाया. अर्धा तास झाला असेल. आता दर रविवारी नऊच्या आधी मी त्या खोलीत जाऊन बसते. नऊला फोन वाजतो.