सोडा की, मास्तर

माझ्या नवऱ्यानं निम्म्या कोल्हापूरला गाडी शिकवली, मला सोडून. घरच्या माणसाला शिकवायला गेलं की संसार मोडतो, असं त्यांचं म्हणणं. खरं कारण म्हणजे शिकवताना ते ओरडतात, आणि मी उलट ओरडले असते.

अमरसिंह इंगवले, म्हणजे गावाचे मास्तर, यांचं आयुष्य गाडीच्या डाव्या सीटवर गेलं. त्या सीटच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्यानं घोळ घातला की तो मास्तरांनी दाबायचा. त्याची पायाला अशी सवय लागली, की हे रिक्षात बसले तरी पाय दाबतात, एसटीत बसले तरी दाबतात आणि सोफ्यावर क्रिकेट बघतानाही दाबतात. माझी नवी चटई नेमकी तिथंच झिजलीय.

मागच्या जानेवारीत एका शिकाऊ बाईंनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. समोरून शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती. मास्तरांनी गाडी वेळेत थांबवली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. त्या बाई पाणी पिऊन स्वतः गाडी चालवत घरी गेल्या. आमचे हे मात्र दुसऱ्या दिवशी डाव्या सीटवर बसले आणि छाती धडधडायला लागली. हात गार पडले, कपाळावर घाम आला. तिसऱ्या दिवशीही तेच. रात्रीची झोपही गेली.

सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय ठणठणीत आहे, मनानं धसका घेतलाय. गोळ्यांच्या आधी श्वासाचा व्यायाम करून बघू. चारपर्यंत मोजत श्वास घ्या, जरासा धरा, मग घेतला त्याहून जास्त वेळ लावून हळूहळू सोडा. घ्या, धरा, सोडा.

माझ्या डोक्याचा ताप इथून सुरू झाला.

गाडी कव्हर घालून दारात उभी राहिली. शिकणारी माणसं दुसरीकडं जायला लागली. पण मला काळजी वेगळीच होती. त्या सीटवर हे परत बसले नाहीत, तर इंगवले मास्तर राहणार नव्हते. दिवसभर पेपर वाचणारा कुणीतरी माणूस झाले असते, आणि ते मला बघवलं नसतं.

म्हणून सगळं सहन केलं. सकाळी हे श्वास मोजत पाटावर बसणार. तोवर कुकर लावायचा नाही, शिट्टीनं मोजणं चुकतं. मिक्सर लावायचा नाही. सासूबाईंनी देवापुढं घंटा वाजवायची नाही. आता आमच्या गल्लीत ‘जेवला का’ हेसुद्धा भांडल्यासारखं विचारतात, तिथं मी शांतता कुठून आणू? आणि सगळ्यात मोठा आवाज यांचाच. शांत बसा म्हणून हे एवढ्या मोठ्यानं ओरडायचे, की पलीकडच्या घरातलं पोर दचकून उठायचं. आमच्याकडं दम द्यायचा असतो, घ्यायचा कुणाला माहीत?

त्यात यांनी श्वासाचीही कुस्ती केली. व्यायाम म्हटला की जोर-बैठका, आणि जोर-बैठका म्हटल्या की रोज वाढवायच्या. हे श्वास धरणं वाढवत निघाले. संध्याकाळी कट्ट्यावरची मित्रमंडळी मोबाइलवर वेळ लावून बसायला लागली. यांचा चेहरा लालबुंद, डोळे बाहेर यायच्या बेतात, आणि मित्र म्हणतायत, अजून धर, अजून धर. एका संध्याकाळी चक्कर येऊन हे कट्ट्यावरच आडवे झाले. मित्रांनी पाणी मारलं आणि घरी आणून सोडताना मला अभिमानानं सांगितलं, की वैनी, आज रेकॉर्ड झालं. मी कपाळाला हात लावला.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून आपल्याही कपाळाला हात लावला. मग त्या शांतपणे म्हणाल्या, “मास्तर, धरायचं तुम्हाला येतंय. जन्मभर तेच केलंय. मी सोडायला सांगितलं होतं.”

श्वास लांबवत सोडला की शरीराला कळतं धोका टळला, हे त्यांनी पुन्हा समजावलं. आणि आता आधी उभ्या गाडीत बसा, मग विश्वासाच्या माणसाबरोबर मोकळ्या मैदानात, असं सांगितलं.

विश्वासाचा माणूस आणायचा कुठून? यांचा तर कुणाच्याच गाडी चालवण्यावर विश्वास नाही. मी म्हणाले, “मी शिकतो की.”

“तू?”

“व्हय. माझ्याकडनं घोळ हुणार, हे ठरलेलंच हाय. मग भ्यायचं कशाला?”

आठवडाभर आम्ही दारातच उभ्या गाडीत बसलो. हे डोळे मिटून श्वास सोडायचे, मी मांडीवर मेथी निवडायचे. येणारे-जाणारे काचेतून वाकून विचारायचे, वैनी, कुठं निघालाय? भाजी निवडायला, असं मी सांगायचे.

मग एका सकाळी तपोवन मैदानावर गेलो. तिथवर गाडी यांच्या मित्रानं आणली, हे मागच्या सीटवर बसून आले. मैदानात मी स्टिअरिंगवर आणि हे डावीकडं. यांचे हात गार झालेले मी बघितले होते. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. शेजारी हे डोळे मिटून पुटपुटत होते, घ्या... धरा... सोडा.

मला वाटलं, मला सांगतायत. मी सोडला.

गाडीनं टुणकन उडी मारली आणि कडेच्या मुरमाच्या ढिगाला नाक लावून बंद पडली.

मग हे ओरडले. जानेवारीपासून साठलेलं सगळं ओरडले. क्लच असा एकदम कोण सोडतं, डोळे होते कुठं, मुरगूडची माणसं म्हणजे बैलगाडीसुद्धा हाकायच्या लायकीची नाहीत. माझं माहेर काढल्यावर मी गप्प बसते होय?

“तुम्हीच म्हणालासा की, सोडा!”

“श्वासाला म्हणालतो!”

“मग श्वासाला नाव घिऊन हाका मारा!”

फिरायला आलेली माणसं थांबून बघायला लागली. ओरडून ओरडून यांच्या छातीतली हवा संपली, आणि शेवटी एक श्वास बाहेर पडला. लांब, सावकाश, डॉक्टरीणबाई इतके महिने मागत होत्या तसा. मी यांचा हात धरला. गरम होता. मला रडू यायला लागलं, म्हणून मी चिडूनच म्हणाले, “हेच ते. आता असंच सोडायचं, फकस्त तोंड मिटून.”

त्यानंतर यांना ते जमायला लागलं. रोज नाही. कधी छाती पुन्हा धडधडायची, मग गाडी थांबवून बसायचो. पण रोज जात राहिलो.

परवा मी दुसऱ्या गिअरमध्ये मैदानाला फेऱ्या मारत होते. बराच वेळ डावीकडून ओरडा आला नाही. माझं इतकं चांगलं चाललं असेल यावर माझाच विश्वास बसेना. वळून बघितलं तर हे झोपलेले. तोंड उघडं, श्वास आत जात होता आणि लांबवत बाहेर येत होता. आणि तो पाय ब्रेकपासून बाजूला, सैल पडला होता.

असा राग आला की सांगू नका. शिकवायला बसलाय की झोपायला? पुढं झाड आलं तर मी काय करू? थांबवावी, तर मी थांबवताना गाडी नेमकी आचका देते आणि हे जागे झाले असते. मग काय, माझेच हात गार. घ्या, धरा, सोडा, करत फिरत राहिले.

कडेनं चालणाऱ्या एका पावण्यांनी आमच्या कोल्हापूरच्या आवाजात हाक मारली, “ओ वैनी, मास्तर हायत न्हवं गाडीत?”

मी ओठांवर बोट ठेवलं. जन्मात इतक्या हळू बोलले नसेन.

“हायत की. पर वरडू नगा. ब्रेकवरचा पाय काढलाय त्यांनी.”

आणि दुसऱ्याच गिअरमध्ये आणखी एक फेरी घेतली.